पंचांना ऐकू येणारी टकटक

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या उंबरावर पाखरांची पंचायत होती. घरटं बांधायच्या आधी सुतारपक्ष्याने फांदी ठोकून बघायची आणि ती पोकळ निघाली तर परवानगी द्यायची नाही, असा नियम होता. सुतारपक्षी काम करतो की नाही, हे पंच खालच्या ढोलीत बसून, टकटक ऐकून ठरवत.

एकदा एका फांदीशी तो बराच वेळ घुटमळला. संध्याकाळी सरपंच घुबडाने विचारलं, "आज टकटक कमी का आली?"

"फांदी आतून पोखरलेली वाटते. कान लावून बसलो होतो."

"ते तुझं तू बघ. आम्हाला टकटक ऐकू आली पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून सुतारपक्षी ढोलीशेजारच्या भक्कम खोडावरच चोच आपटत बसला. पंच खूश झाले. वर ज्याला जिथे जागा मिळाली, तिथे त्याने घरटं बांधलं.

मग वारा सुटला आणि ती पोखरलेली फांदी बगळीच्या घरट्यासकट मोडली. बगळी पंचांपुढे आली. "माझी पिल्लं गेली. ती फांदी कुणी तपासली होती?"

घुबडाने तिला मायेने जवळ बसवलं. "बाई, आमच्याकडे हयगय होत नाही. तूच ऐक."

बाहेर टकटक चालूच होती.