बाळुत्यांचा धोंडा

चिंचझिरे गावात शिरण्याआधी ओढ्यावरचा फरशीपूल लागतो. फरशीच्या वरच्या अंगाला, पाण्यात अर्धा बुडालेला एक काळा सपाट धोंडा आहे. एका बाजूने तो इतका झिजलेला आहे की तिथे परातीसारखा खळगा पडला आहे. नगरकडून येणारे पाहुणे मंदिराकडे, म्हणजे आमच्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिराकडे जायला निघाले की सिमोनकाका ओहोळ त्यांना आधी इथे थांबवतात. पायातल्या वहाणा काढायला लावतात आणि मग सांगू लागतात.

या गावात मूल जन्मले की पहिल्या दिवसाची बाळुती पगारी बाई धूत नाही, आणि घरातल्या सुनेलाही धुवायला लावत नाहीत. घरात ज्याचा मान सगळ्यांत मोठा, त्याने ती या धोंड्यावर आणून आपल्या हाताने धुवायची. मग ती आजी असो, सरपंच असो, नाहीतर मंदिराचे पाळकसाहेब. ही रीत एका बाईच्या मत्सरातून निघाली, असे सांगतात.

त्या बाईचे नाव राहेल शिरसाट. प्लेगाच्या कितीतरी आधीची गोष्ट. राहेलच्या घरात सुईणपण चार पिढ्यांचे. तिच्या आजीच्या हातावर आख्खे गाव जन्मले होते, असे म्हणत. घराणे ख्रिस्ती झाले तरी पाटलापासून कुंभारापर्यंत सगळ्यांच्या घरून राहेलला बोलावणे येई, आणि बाळंतीण सुखरूप सुटली की खणालुगड्याने तिची ओटी भरली जाई. राहेलचा नवरा ख्रिस्ती मंडळीचा वडील, म्हणजे पंच होता. मंदिरात बायकांच्या बाजूला पहिली सतरंजी तिची. ती आल्याशिवाय तिथे कोणी बसत नसे.

एका दुष्काळात तबीथा नावाची तरुण विधवा या गावात आली. बरोबर एक पितळी तांब्या, दुसरे काही नाही. मंडळीने तिला मंदिराच्या पडवीत जागा दिली. पण खाणार काय? तेव्हा राहेलनेच तिला काम दिले. बाळंतिणीची धुणी परीट घेत नसे, विटाळ मानी. राहेल म्हणाली, "माझ्यामागं येत जा. बाळंतिणीचं धुणं धू. भाकरी मिळंल." तबीथाने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती या धोंड्यावर बसली आणि पुढची सहा वर्षे बसत राहिली.

ते धुणे हीच तिची शाळा झाली. कपड्यावरचा डाग बघून तिला कळू लागले की रक्त आता थांबायला आले आहे की नाही. वासावरून कळू लागले की या बाईला उद्या ताप भरणार. ती राहेलला सांगायची. "मावशी, कुंभाराच्या सुनेचं धुणं मला बरं दिसंना. एकदा बघून या." राहेल म्हणायची, "धुणारीनं धुवावं. बघणारी मी हाये." कुंभाराच्या सुनेला तिसऱ्या दिवशी फणफणून ताप आला. ती वाचली, पण गावाने ऐकायचे ते ऐकले.

ही गोष्ट मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या कानावर गेली. त्यांनी तबीथाला बोलावून घेतले, सव्वा वर्ष आपल्याजवळ ठेवले, नखे कापायला, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला, आडवे मूल फिरवायला शिकवले. तबीथा परत आली तेव्हा तिच्या खांद्याला कातड्याची पिशवी होती. दोन वर्षांत चाळीस गावांतून तिला बोलावणी येऊ लागली. ती जात विचारत नसे, वाट किती लांब ते विचारत नसे. आणि परत आली की पिशवी खुंटीला अडकवून बाळंतिणीचे धुणे घेऊन ओढ्यावर जायची, पूर्वीसारखीच. कोणी म्हटले की आता हे कशाला, तर म्हणायची, "मला इथंच समजतं."

राहेलच्या पोटात निखारा पडला तो तेव्हा.

ती ओट्यावर बसून मोजत असे. या महिन्यात आपल्याकडे किती बोलावणी आली, तबीथाकडे किती. तिच्या कानावर येई की अमक्या वाडीत मुलीचे नाव तबी ठेवले, तमक्या वस्तीवर तबी ठेवले. ख्रिस्ती नसलेल्या घरांतसुद्धा! अकरा मुली झाल्या तिच्या नावाच्या. राहेल नावाची एकही नाही. मंदिरात तबीथा मागे दाराशी बसे, तरी उपासना सुटली की बायकांचा घोळका दाराशीच जमे आणि पहिली सतरंजी आधी रिकामी होई. राहेल प्रार्थनेला डोळे मिटायची आणि मिटल्या डोळ्यांपुढे तिला ती कातड्याची पिशवी दिसायची. सगळ्यांत जास्त जळायचे ते एका गोष्टीने. तबीथाला धोंड्यावर बसवणारी आपणच.

एके दिवशी सकाळी धनगरवस्तीवरून बैलगाडी आली. भागूजी नावाचा तरुण धनगर घाईने उतरला आणि समोर ओट्यावर बसलेल्या बाईला त्याने विचारले, "आई, तबीथाबाईचं घर कोणतं?"

तबीथा तेव्हा ओढ्यावर होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

राहेल म्हणाली, "ती न्हाई गावात. नगरला गेलीया, चार दिस येत न्हाई. चल, मी येते."

हे बोलायचे तिने ठरवले नव्हते, असे म्हणतात. तोंडातून निघाले आणि मग ते परत घेता आले नाही. गाडीत बसताना तिला बरेसुद्धा वाटले. आज वस्तीवरचे लोक आपले नाव घेतील, असा विचार तिच्या मनात होता.

वस्ती तीन कोसांवर. भागूजीची बायको कालपासून अडलेली. राहेलने पोटावर हात फिरवला आणि मूल आडवे आहे हे तिला कळले. तरी तिने प्रयत्न सोडला नाही. तेल चोळले, उठवले, बसवले, आजीने शिकवलेले सगळे केले. ऊन डोक्यावर आले तेव्हा मुलाचा हात बाहेर आला. फक्त हात. राहेलने असे दोनदा पाहिले होते, आणि दोन्ही वेळा घरातून दोन मढी निघाली होती.

भागूजीची आई भिंतीला टेकून बसली होती. ती कोणालाच उद्देशून नाही अशी बोलली, "आमचं नशीबच खोटं. आजच ती बाई गावात नसावी."

राहेलचा हात थांबला. खोट्यातून सुटायला अजूनही वाट होती. तबीथा परत आली असेल, बघून ये, एवढे भागूजीला म्हटले असते तरी चालले असते. पण अडलेल्या बाईने तिच्या मनगटाला धरले होते आणि ती पकड ढिली पडत चालली होती. राहेल उठून दारात गेली आणि भागूजीला म्हणाली, "गाडी जुंप. तबीथा गावातच हाये. वढ्यावर असंल. मी खोटं बोलले."

भागूजीने हातातला आसूड उगारला. त्याच्या आईने आतून ओरडून सांगितले, "मारायला मागनं वेळ हाये! आधी जा!" तो गेला.

मग राहेल त्या झोपडीत थांबली. बाहेर निघून जायला कोणी अडवले नसते. पण तिने त्या बाईचे डोके मांडीवर घेतले आणि पाण्याने ओठ ओले करत राहिली. भोवती वस्तीवरच्या पाच-सहा बायका बसल्या होत्या. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तिला प्रभूचे नावही घेववेना.

तबीथा आली तेव्हा तिच्या लुगड्याचा काठ ओढ्याच्या पाण्याने अजून दमट होता. वाटेत भागूजीने तिला सगळे सांगितले असणार. तिने विचारले एवढेच, "हात कधीपासनं बाहेर हाये?"

"ऊन डोक्यावर आलं तवापासनं."

"साबण घ्या मावशी. कोपरापर्यंत धुवा. मला तुमचे हात लागतील."

दोघींनी मिळून ते मूल फिरवले. तबीथाचा हात आत, राहेलचे दोन्ही हात पोटावर. मुलगी पायाळू जन्मली. आई वाचली. मुलीने श्वास घेतला नाही. तबीथाने तिच्या तोंडात फुंकर घातली, पाठ चोळली, पुष्कळ वेळ चोळली. मग दुपट्यात गुंडाळून तिने ती राहेलच्या हातात दिली.

आपल्याला सकाळीच बोलावले असते तर मूल वाचले असते का, हे तबीथा कधीच बोलली नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. राहेलला वाटायचे, तिने एकदा बोलून टाकावे.

गाडीतून परत येताना धुण्याचे गाठोडे तबीथाच्या मांडीवर होते. फरशीशी राहेलने ते ओढून घेतले आणि ती सरळ ओढ्यात उतरली. "राहू द्या मावशी, तुमचं काम न्हाई हे," तबीथा म्हणाली. राहेल म्हणाली, "तू बस." चाळीस वर्षांच्या सुईणपणात तिने बाळंतिणीचा एक कपडा धुतला नव्हता. तिला तो नीट आपटताही येईना. तबीथा काठावर बसली आणि थोड्या वेळाने सांगू लागली. हा डाग बघा, ही बाई तीन दिवसांत उठंल. हा पिवळा बघा, हिला ताप येऊ शकतो, उद्या मी जाईन. राहेल ऐकत होती, आणि तिथेही, हातात ते कपडे असताना, तिला तबीथाचा मत्सर वाटला. आपण चाळीस वर्षे जे बघितले नाही ते हिने कसे बघितले!

पुढच्या रविवारी राहेल मंडळीसमोर उभी राहिली आणि तिने सगळे सांगितले. काही वडिलांचे म्हणणे पडले की हिला वर्षभर मंदिरातल्या प्रभुभोजनाच्या विधीला घेऊ नये. तिचा नवरा मान खाली घालून बसला होता. पाळकांनी तबीथाला विचारले. ती दाराशी उभी राहून म्हणाली, "मला हाताखाली बाई पायजे. ह्यांना मला द्या."

राहेल सात वर्षे तबीथाच्या हाताखाली धुणे धूत होती. काकांच्या सांगण्याप्रमाणे तिचा मत्सर एका दिवसात गेला नाही. कधी महिनाभर नसायचा, मग कोणी तबीथाच्या पाया पडले की परत यायचा. तेव्हा ती कपडा पिळताना मोठ्याने म्हणायची, "प्रभू, तबीथाला यश दे." दात खाऊन म्हणायची, ऐकणारे हसायचे. पण म्हणायची. पुढे पुढे ती ते म्हणते आहे हे तिचे तिलाच कळेनासे झाले. आपल्यामागे दुसऱ्या एखाद्या सुईणीचे नाव तबीथाने कधी सुचवले नाही. लांबच्या बोलावण्याला जाताना ती सांगायची, "मागं राहेलमावशी हायेत, माझ्यापेक्षा जास्त बघितलंय त्यांनी."

पाळकबाईंना पहिला मुलगा झाला तेव्हा राहेल आजारी होती. धुणे कोणी न्यायचे हा प्रश्न आला. पाळकसाहेबांनी गाठोडे उचलले, धोतर खोचले आणि भर सकाळी, सगळ्या गावादेखत, ते या धोंड्यावर बसले. त्यानंतर पाटलाच्या घरी पाळणा हलला तेव्हा त्याच्या आईलाही घरी बसवेना. रीत तिथून पडली.

आता बाळंतपणे दवाखान्यात होतात. तबीथाबाईच्या नावाने मंदिराशेजारी प्रसूतिगृह उभे आहे, तिथे आसपासच्या गावांच्या बायका येतात. तरी आजही पहिल्या दिवसाची बाळुती पिशवीत घालून या धोंड्यावर आणतात, आणि धुणारा माणूस कपडा पिळताना एक नाव घेतो. ज्याचे बरे झालेले आपल्याला बघवत नाही, त्याचे नाव. त्याला यश मागायचे, मगच कपडा वाळत घालायचा.

नात झाली तेव्हा सिमोनकाका स्वतः बसले होते. पाहुणे हटकून विचारतात, तुम्ही कोणाचे नाव घेतले? काका वहाणा पायात घालतात आणि म्हणतात, "माझ्या धाकट्या भावाचं. तीनदा घ्यावं लागलं."