उजव्या पायाची माळ

"...आणि रविवारी बाई आपले घुंगरू देऊन टाकणार म्हणे. कुणाला, तर..."

एवढंच ऐकू आलं आणि खालच्या मजल्यावरच्या कमलवहिनींनी मिक्सर लावला. चटणी बारीक होईपर्यंत ऋजुता जिन्यातच थांबली. मिक्सर थांबला तेव्हा विषय गॅसच्या सिलिंडरवर गेला होता.

ऋजुता शरयूबाईंच्या हाताखाली कथक शिकली. आता पुण्यात तिचा स्वतःचा क्लास, दारावर भली मोठी पाटी. कराडला बाईंकडे यायला मात्र सवड व्हायची नाही. या शनिवार-रविवारी बाईंनी सगळ्या जुन्या मंडळींना बोलावलं, म्हणून आली.

गुरूचे घुंगरू ज्याला मिळतात तोच पुढे गादी चालवणार, हे क्लासातल्या पोरीटोरींनाही ठाऊक. ऋजुताने जिन्यातूनच पुण्याला आपल्या क्लासात फोन लावला आणि घुंगरू आपल्यालाच मिळणार म्हणून सांगून टाकलं.

फोन ठेवता ठेवता तिच्या मनात आलं, नाही मिळाले तर?

वर गच्चीत धमाल चालली होती. बाईंचे जुने स्नेही दत्ताराम पेंटर यांनी कपड्यांच्या दोऱ्यांना चिमटे लावून चित्रं टांगली होती. इस्माईलचाचा मिरजेहून तबला घेऊन आले होते. सोसायटीतल्या बायका चित्रातली बाई कोण, यावरून वाद घालत पोहे खात होत्या.

शरयूबाई स्वयंपाकघरात सापडल्या.

"बाई, खरं का?"

"काय?"

"उद्या तुम्ही... घुंगरू..."

"कोण म्हणालं?"

"कमलवहिनी."

"मग थोडं तरी खरं असेल. ही कोथिंबीर निवड."

ती निवडू लागली. "माझ्याइतकी लय आपल्यात कुणाची चढत नाही, बाई. उद्या बघालच."

"बघेन की."

"नुसतं बघेन?"

"देठं टाकू नकोस," बाई म्हणाल्या. "चटणीत चालतात."

रविवारी ऊन कललं तसं गच्चीत सतरंज्या पडल्या. बाईंनी कापडी पिशवीतून घुंगरांच्या दोन माळा काढल्या, कपाळाला लावल्या. उजव्या पायाची माळ ऋजुताच्या हातात दिली.

दुसरी स्वतःच्या डाव्या पायात बांधली आणि त्या खुर्चीत बसल्या. उजवा गुडघा केव्हाच कामातून गेला होता.

"एकच?" ऋजुता म्हणाली.

"बांध."

"अशी कशी नाचू, बाई?"

"उजवा पाय तुझा. डावा माझा."

चाचांनी ठेका धरला. ता थेई थेई तत्. एक पाऊल तिचं, एक बाईंचं.

थोडा वेळ जमलं. मग सवयीने ऋजुताचा पाय पुढे पळाला. बाईंचा होता तिथेच राहिला. छुमछुम लंगडायला लागली.

"चाचा, लय वाढवा ना."

चाचांनी बाईंकडे बघितलं. लय वाढली नाही.

"ऋजू, गाडी चुकतेय का गं तुझी?" दत्ताराम पेंटर म्हणाले आणि गच्ची हसली.

तिचे कान तापले. इतका वेळ तिचं तोंड लोकांकडे होतं, पाठ बाईंकडे. ती वळली.

बाईंचा डावा पायही सुजलेला होता. घोट्यावर दोरीचा जुना काळपट वळ. तो पाय हळूच उचलला जात होता...

ऋजुता थांबली. तो टेकू दिला. मग आपला टाकला.

पुन्हा तो. पुन्हा आपला.

मग कुणी हसलं नाही. डोळे मिटून ऐकणाऱ्याला पाऊल कुणाचं ते सांगता आलं नसतं. कमलवहिनींच्या हातातला चहा तसाच निवला.

तबला थांबल्यावर ऋजुताने बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. ते बराच वेळ उचललं नाही.

मागे कमलवहिनी कुजबुजल्या, "बघा. मी म्हटलं नव्हतं, देणार म्हणून?"

"अर्धेच दिलेत," शेजारची म्हणाली.

बाई वाकून आपल्या पायातली माळ सोडू लागल्या. ऋजुताने त्यांचे हात बाजूला करून गाठ स्वतः सोडली. माळ ओंजळीत घेऊन बसून राहिली.

"बाई... आणि ही?"

बाईंनी पदराने तिच्या कपाळावरचा घाम टिपला. माळ तिच्या ओंजळीतून उचलून पिशवीत टाकली.

"ही इथेच असते," त्या म्हणाल्या. "येत जा."