कातारणीचा ठोकळा

एका गावात लाकडी खेळणी कातणाऱ्या कातारी लोकांची एक आळी होती. आळीत कारागीर बावीस आणि शहाणे तेवीस. तेविसावा शहाणा म्हणजे आळीचा पंच; पटाशी त्याच्याही हाती, पण काम कमी आणि देखरेख जास्त.

आळीचा एक नियम होता. सगळं काम नजरेवर करायचं. आणि ज्याचा हात थरथरू लागेल त्याने पटाशी खाली ठेवायची आणि कोपऱ्यात बसून दुसऱ्यांच्या खेळण्यांवर रंगीत लाख घासायची. मरेपर्यंत.

याच आळीत एक म्हातारी कातारीण होती. सगळे तिला काकू म्हणत. चाळीस वर्षं तिने भोवरे कातले, बाहुल्या कातल्या, आणि एके दिवशी बाहुलीच्या नाकाचा हनुवटीशी संसार झाला. हात थरथरला होता. बातमी काकूच्या आधी आळीभर पोचली.

पंच आला. "काकू, पटाशी ठेवा. उद्यापासून लाखेचा कोपरा."

"मेल्यावर बसते," काकू म्हणाली. "तेव्हा वेळही बराच असेल."

"नियम आहे काकू!"

"असू दे की. मी कुठं त्याला हाकलतेय?"

त्याच आठवड्यात राणीचा निरोप आला. युवराजासाठी लाकडी रथ हवा, बोटभर उंचीच्या चार चाकांचा. एकेका चाकाला बारा आरे, काडीएवढे. पंच म्हणाला, "आळी करील." काकू म्हणाली, "एक मीही करते. माझा रथ वाकडा चालला तर पटाशी तुमच्या पायाशी. सरळ चालला तर माझ्या बैठकीकडे पुन्हा बघायचं नाही."

आळीतले उस्ताद कामाला लागले. पहिला आरा कापला. त्यावर नजरेने मापून दुसरा. दुसऱ्यावर मापून तिसरा. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं होतं. दर खेपेला केसभर फरक, आणि केसभर फरकाला कोण विचारतो? पहिला आणि अठ्ठेचाळिसावा आरा शेजारी ठेवले असते, तर त्यांनी एकमेकांना ओळखलंही नसतं.

काकूने मात्र आठ दिवस एकही आरा कापला नाही. ती बाभळीचा एक ठोकळा घेऊन बसली. त्यात खाच पाडली, काडी आडवी बसेल एवढी. खाचेच्या एका टोकाला खिळा ठोकला, काडी त्याला टेकून थांबावी म्हणून. दुसऱ्या टोकाला करवतीपुरती चीर. काडी टेकवायची, करवत चिरेत घालायची, कापायचं. हात नाचला तर नाचू दे, करवत चिरेबाहेर जाणार कुठं? मग चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे आरे जिथं रोवतात त्या मधल्या गोळ्यावर, घट्ट बसणारं पितळेचं कडं केलं, बारा भोकांचं, म्हणजे गिरमिटही भरकटायला नको. तीन कडी बिघडली. चौथं जमलं.

पंच डोकावला आणि ओरडला, "ही तर लबाडी! आरे हा ठोकळा कापतोय!"

"आणि ठोकळा कोणी केला? तुमच्या काकाने?"

ठरल्या दिवशी राजवाड्याच्या अंगणात दोन्ही रथ मांडले. युवराज चार वर्षांचा. त्याने आळीच्या रथाची दोरी ओढली. रथ निघाला, पण रुसलेल्या जावयासारखा कडेकडेने, आणि थेट प्रधानाच्या पायावर चढला. काकूचा रथ अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला.

युवराजाला फारच आनंद झाला. तो आधी एका रथावर बसला, मग दुसऱ्यावर. कट्ट! कट्ट! दोन्ही रथांचा एकेक आरा मोडला. युवराजाने भोकाड पसरलं.

"जोडा पटकन!" राणी म्हणाली.

काकूने कनवटीतून एक जादा आरा काढला. हात थरथरत होता, तरी आरा भोकात टक्कन बसला. सगळेच एका मापाचे, मग रुसणार कोण?

पंचाने आळीचा जादा आरा काढला. लांब झाला. घासला. आखूड झाला. दुसरा घेतला, तो भोकाशी नेला, आणि सगळ्या अंगणाने पाहिलं. पंचाचा हात काकूच्या हातापेक्षा जास्त थरथरत होता. किती वर्षांपासून, देव जाणे!

सगळे आळीत परतले. मग उस्तादांतला एक पुढे झाला. काल पंचाच्या पुढे-पुढे करणारा हाच बरं का. म्हणाला, "नियम तो नियम. पंचांनी लाखेचा कोपरा धरावा."

पंचाने मान खाली घातली आणि पटाशी जमिनीवर ठेवली.

"उचला ती!" काकू कडाडली. "तो नियम मी आज राजवाड्यात मोडून आलेय. आता तुमच्यासाठी परत सांधत बसू? उद्या सकाळी माझ्याकडे या. ठोकळा करायला शिकवते. खाच वाकडी पाडलीत तर शिव्या खाल."

"मग लाखेच्या कोपऱ्यात बसायचं कोणी?" उस्तादाने विचारलं.

"ज्याला रंग आवडतो त्याने," काकू म्हणाली, आणि आपल्या बैठकीवर जाऊन नवी काडी खाचेत टेकवली.

तात्पर्य, ज्याला हवं त्याने घ्यावं: हात थरथरतो म्हणून कोणी तुमचं काम काढून घ्यायला आलं, तर हात लपवू नका आणि जागाही सोडू नका. हाताला आधार करा आणि काम चालू ठेवा.