शेवटच्या झाडापुढचा सडा

मुलांनो, सह्याद्रीतल्या एका दाट जंगलात, जिथे झाडांचे शेंडे एकमेकांच्या गळ्यात पडलेले असतात, तिथे उंचावर एक शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे खारीचेच मोठे भावंड. तांबूस पाठ, पिवळसर पोट आणि अंगाहून लांब झुबकेदार शेपूट. ते झाडावर जन्मते, झाडावर खाते, झाडावर झोपते. जमिनीला पाय लावणे त्याच्या घराण्यात कमीपणाचे समजतात. आपल्या गोष्टीतले शेकरू तर इतके रुबाबदार होते, की सारे जंगल त्याला शेकरूराव म्हणे. आपणही तसेच म्हणू. उगाच कुणाचा राग कशाला ओढवून घ्या!

शेकरूरावांना आखणीचे भारी वेड. उद्याचे उंबर कोणत्या फांदीवरून तोडायचे, हे त्यांचे आजच ठरलेले असे. इतर शेकरे राहायला तीन-चार घरटी बांधतात, यांनी मात्र चांगली सहा बांधून ठेवली होती आणि कोणत्या ऋतूत कोणत्या घरट्यात झोपायचे तेही पक्के केले होते. घरात बायको, एक बडबडी लेक आणि म्हातारी मावशी. ही मावशी म्हणजे शेकरूरावांची आईच म्हणा ना. ते डोळेही न उघडलेले पिल्लू असताना त्यांची आई गेली आणि मावशीने त्यांना आपल्या घरट्यात आणून वाढवले.

जंगलाच्या पश्चिमेला डोंगरमाथ्यावर कातळाचे एक मोठे पठार होते. त्याला सारे सडा म्हणत. पाऊस ओसरू लागला, की त्या सड्यावर फुलांचे नुसते पेव फुटायचे. मग एक दिवस ठरवून सगळे प्राणी आपापली पिल्ले घेऊन तिथे जात. हाच जंगलाचा फुलोत्सव. शेकरांपैकी मात्र कुणी कधी तिथे गेले नव्हते. त्यांनी फुलोत्सव ऐकायचा तो पाखरांच्या तोंडून, आणि तोही फांदीवर बसून.

त्या वर्षी बुलबुल बातमी घेऊन आला, "टोपली कारवी फुलली आहे! सात वर्षांनी एकदाच फुलते. सगळा सडा जांभळा झालाय. पण आता चार दिवसांची पाहुणी आहे, बरं का!"

हे ऐकून मावशी नुसतीच "असं का?" म्हणाली आणि उंबर चघळत बसली. पण शेकरूरावांच्या काळजात चर्र झाले. त्यांना ठाऊक होते, की सात वर्षांपूर्वी मावशीने या फुलांना जायचे मनात घेतले होते. पाय निघणार, तोच घरट्यात शेकरूराव नावाचे इवलेसे पिल्लू आले आणि जाणे राहून गेले. आता मावशीच्या डोळ्यांवर धुरकट पडदा आला होता. हातातले फळ दिसे, पण समोरची फांदी दिसत नसे. आणखी सात वर्षे थांबण्याइतकी नजर तिच्याजवळ उरली नव्हती. शेकरूरावांनी शेपूट झटकली आणि जाहीर केले, "परवा आपण सगळे फुलोत्सवाला जायचे. मावशी, यंदा तुला कारवी दाखवणार म्हणजे दाखवणारच!"

झाले, आखणी सुरू झाली! पहाट फुटताच निघायचे. उंबरावर न्याहारी. तिथून हिरड्यावरच्या घरट्यात मावशीला विसावा. मग जांभळीवरून उड्या मारत दुपारच्या आत सड्यावर हजर. कुठली फांदी मजबूत आहे, कुठे मावशीला शेपटीचा आधार द्यायचा, सगळे सगळे ठरले. शेकरूराव स्वतः दोनदा जाऊन हिरड्यापर्यंत वाट तपासून आले. त्यापुढचे काय? तर बुलबुल म्हणाला होता, "हिरड्यापुढे लगेच सडा." पंख असणाऱ्याचे 'लगेच' ते, त्याला काय!

बायकोने एकदा सुचवून पाहिले, "अहो, खाली भेकर हिंडतं, ते रोज सड्यावर जातं म्हणे. जरा विचारून तर बघा."

"खाली हिंडणाऱ्यांना वाटा विचारायच्या?" शेकरूराव हसले. "अगं, झाडापुढे झाड हे असायचंच. नसून कसं चालेल?"

बायकोने विषय सोडून दिला. कुठे बोलून उपयोग नाही, हे संसारात तिला कळून चुकले होते.

ठरल्या दिवशी मंडळी निघाली. उंबरावर न्याहारी झाली, हिरड्यावर विसावाही झाला. लेक पुढे पळत होती, मावशी दमत होती पण तिची कळी खुलली होती. शेकरूराव तर हवेतच होते. आखणी अशी असावी, असे ते तीनदा मोठ्याने म्हणाले. मग जांभळीवरून एक अंजनी, अंजनीवरून दुसरी अंजनी, आणि दुसऱ्या अंजनीच्या टोकाच्या फांदीवर येऊन मंडळी जागच्या जागी थांबली.

पुढे झाडच नव्हते.

पुढे होता काळा कातळ आणि घोट्याएवढे गवत. झाड नाही, झुडूप नाही, वर नुसते मोकळे आभाळ. आणि त्या सगळ्याच्या पार पलीकडे, आभाळाला टेकलेला एक जांभळा पट्टा.

"बाबा, उडी कुठे मारायची?" लेकीने विचारले.

मावशी डोळे बारीक करून बघत होती. "तिकडे धूर दिसतोय का रे कसला?"

"धूर नाही आजी, तीच फुलं आहेत!" लेक म्हणाली.

"अगंबाई, हीच का? दिसली, दिसली," मावशी घाईघाईने म्हणाली. "छान आहेत. डोळे निवले माझे. चला आता, ऊन व्हायच्या आत घरी पोचू."

मावशी खोटे बोलत होती, आणि तिला ते कधीच नीट जमत नसे. शेकरूरावांना मान वर करवेना. ज्या मावशीने आपल्यासाठी एकदा फुले सोडली, तिला आपल्याच हट्टापायी आज धूर दाखवून परत न्यायचे? इतकी आखणी केली, आणि ज्याला वाट ठाऊक होती त्याला तेवढे विचारले नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली.

ते कुणालाही न सांगता खोडावरून सरसर खाली उतरले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी जमिनीला पाय लावला. एक उडी, दोन उड्या, तिसरी मारणार तोच गवतावरून एक सावली सरकली. मोरघार! शेकरांचा वैरी! शेकरूराव उलटे फिरले ते धापा टाकत थेट फांदीवर. मावशीला आणि लेकीला घेऊन हे एवढे उघडे मैदान ओलांडणे शक्यच नव्हते.

इतक्यात झाड गदागदा हलू लागले. खाली एक भला थोरला काळाकभिन्न गवा खोडाला पाठ घासत उभा होता. असे गवे शेकरूरावांनी वरून कितीदा पाहिले होते. चालते ढेकूळ म्हणून ते त्यांची चेष्टाही करत. बायकोने त्यांच्याकडे नुसते पाहिले. या खेपेला शेकरूरावांनी तिचे ऐकले.

"नमस्कार, दादा," ते खालच्या फांदीवर येऊन म्हणाले. "कुठे निघालात?"

"कुठे नाही," गवा म्हणाला.

शेकरूराव घुटमळले. शेपूट पुढे घेतली, मागे टाकली. मग त्यांनी सगळे सांगून टाकले, "दादा, मी चुकलो. सड्यावर झाडं नसतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नाही. माझ्या मावशीला कारवी बघायची आहे. तिची नजर चाललीय. पलीकडे कसं जायचं ते मला कळत नाही."

गव्याने मान वळवून वर पाहिले. म्हातारीकडे पाहिले, लेकीकडे पाहिले. मग तो फांदीखाली सरकून उभा राहिला आणि म्हणाला, "बसा."

चौघेही त्याच्या रुंद पाठीवर उतरले. गवा इतका जपून चालू लागला, की मावशीला झोका घेतल्यासारखे वाटले. वर मोरघार एक घिरटी घालून निघून गेली. गव्याच्या शिंगांजवळ यायची तिची काय छाती!

"दादा, तुम्ही आम्हाला का नेताय?" लेकीने विचारले.

"मला त्याच बाजूला जायचं होतं."

"मघाशी तर म्हणालात, कुठे नाही!"

गव्याने नुसता कान हलवला.

फुले वीसेक पावलांवर आली आणि गवा एका मोकळ्या कातळावर थांबला. "खुरवाल्यांनी इथवरच यायचं, अशी इथली रीत आहे," तो म्हणाला. "आम्ही आत गेलो तर झुडपं चेंगरतात. तुमचे पाय हलके आहेत, मी घारीवर नजर ठेवतो, तुम्ही पटकन पळत जा. कारवीच्या बुंध्याबुंध्यानं गेलात तर वरून घारीला दिसणार नाही. परतायचं झालं की या, मी आहे."

पुढचे काय सांगू! टोपल्या उपड्या घालाव्यात तशी कारवीची गोल गोल झुडपे, आणि प्रत्येक झुडूप निळ्या-जांभळ्या फुलांनी असे भरलेले, की पान दिसू नये. मधमाश्यांचा गुंजारव चाललेला. ससे, मुंगसे, साळिंदरे आपापल्या पिल्लांना घेऊन हिंडत होती. लेक तर एका बाजूने जी शिरली, ती परागांनी नाक पिवळे करूनच दुसऱ्या बाजूने बाहेर आली.

मावशी एका झुडपाला नाक लावून बसली. इतक्या जवळचे तिला स्वच्छ दिसत होते. एकेक फूल दोन्ही हातांत धरून, न तोडता, ती आतवर बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हे बघ, आत रेघा आहेत. बारीक बारीक. बुलबुलानं हे कधी सांगितलं नव्हतं." तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवलेही नाहीत.

शेकरूराव तिच्याजवळ सरकले. "मावशी, माझ्यापायी सात वर्षांपूर्वी तुझं हे सगळं हुकलं..."

"गप रे!" मावशी म्हणाली. "त्या वर्षी तू इतका रडायचास, की मला फुलं नको होती, घटकाभर झोप हवी होती. माझं काही हुकलं नाही. सगळं मिळालं, तू मिळालास, आणि आज हेही मिळालं. देणाऱ्यांचं भलं होवो." मग ती थबकली. "अरे, पण आपल्याला आणणारा कुठे आहे? उतरताना त्याला काही बोललास का?"

शेकरूरावांनी मागे वळून पाहिले. सूर्य माथ्यावरून कलला होता. तापलेल्या कातळावर गवा एकटाच उभा होता. जिथे थांबतो म्हणाला होता तिथेच. सगळ्यांची पाठ त्याच्याकडे, तोंडे फुलांकडे. उतरण्याच्या घाईत आपण त्याला "येतो" एवढेही म्हणालो नाही, हे शेकरूरावांना आता आठवले.

ते उठले. शेवटच्या झुडपापाशी आले आणि क्षणभर थांबले. पुढे वीस पावले उघडा कातळ, आणि ती वीस पावले गव्याची. शेकराच्या किती उड्या होतील, याचा हिशेब त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केला नाही. आभाळाकडे एकदा भीतभीत पाहिले आणि ते पळत सुटले. पाय पोळत होते, छाती धडधडत होती. गव्याच्या पायांशी येऊन ते थांबले तेव्हा त्यांना धड बोलताही येईना.

"काय झालं?" गव्याने दचकून विचारले. "म्हातारीला बरं नाही का?"

"नाही दादा... ती मजेत आहे. मी फक्त... उपकार झाले म्हणायला आलो."

"एवढ्यासाठी? या उन्हातून?" गव्याने खाली वाकून पाहिले. "पाय भाजले असतील. कातळ फार तापतो इथला." आणि तो एक पाऊल बाजूला सरकला, म्हणजे त्याची सावली शेकरूरावांवर पडावी.

त्या सावलीत शेकरूरावांना बरे वाटले. धाप ओसरली तसे ते बोलू लागले. झुडपे टोपलीसारखी कशी गोल आहेत, फुलांचा रंग सावलीत निळा आणि उन्हात जांभळा कसा दिसतो, आतल्या बारीक रेघा मावशीने कशा शोधून काढल्या, लेकीचे नाक कसे पिवळे झाले, सगळे सगळे त्यांनी सांगितले. गवा डोळे मिटून ऐकत होता. सांगून संपले तरी त्याने डोळे उघडले नाहीत.

"चौथ्यांदा ही फुलं बघतोय मी," तो हळूच म्हणाला. "इथूनच, लांबून. दर खेपेला कुणाला ना कुणाला घेऊन येतो. पण आत काय असतं, हे परत येऊन आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं." मग तो म्हणाला, "त्या रेघांचं पुन्हा एकदा सांग."

शेकरूरावांनी पुन्हा एकदा, अगदी पहिल्यापासून सांगितले.

तात्पर्य : आखणी आपली असली, तरी आनंदापर्यंत आपल्याला कुणीतरी पाठीवर घेऊन आलेले असते. तिथे पोचल्यावर त्याच्याकडे मागे वळून जावे, आणि नुसते आभार न मानता त्या आनंदातला वाटाही त्याला द्यावा.