पुढचं पान

शके १८९५, वैशाखाचा वद्य पक्ष. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिलेला. गावात पाणी उरलं होतं ते एकट्या रंभाजी गव्हाण्याच्या बांधीव विहिरीत, आणि तिच्या दाराला त्याने कुलूप घातलं होतं.

“यात माझं चुकलं काय, बाबा?” त्याने मठात येऊन विचारलं.

मठातले भानगिरी बाबा घोंगडीचं भोक शिवत होते.

“कुलूप कुणासाठी?”

“भुतेकरांसाठी. बाकीच्यांना देतोच की. त्यांच्या बाया सकाळपासून दाराशी बसल्यात. बसू देत! पणजोबांच्या वेळच्या मोठ्या दुष्काळात त्यांनी आम्हाला त्यांच्या विहिरीवरून हाकललं. घरची अकरा माणसं गेली. लिहिलेलं आहे.”

फडकं सोडून त्याने पणजोबांची वही पुढे ठेवली. दर सर्वपित्रीला त्यातलं हे पान घरात मोठ्याने वाचत. मगच पानं वाढत.

“लिहिणारा तेव्हा गावात होता?”

“नाही. सडकेवर खडी फोडायला गेलेला. परतला तेव्हा सगळं संपलेलं.”

“मग त्याला सांगितलं कुणी?”

“जगल्यावाचलेल्यांनी.”

“अकरा जण कोण?”

हाकलणाऱ्या चौघा भुतेकरांची नावं रंभाजीला पाठ होती. आपल्या मेलेल्यांचं एकही तोंडात येईना.

“पान उलट.”

“पुढचं आम्ही वाचत नाही.”

“का?”

“रीत नाही तशी.”

“उलट.”

पान चिकटलं होतं. त्याने नखाने सोडवलं. पुढे दहा नावं होती. अकरावं नावच नव्हतं. नुसतं ‘माझी तान्ही, नाव ठेवायचे होते.’

त्याखाली, ‘वैशाखात भुतेकराच्या म्हातारीने आमच्या घरी दोन घागरी पाणी दिले. फेडणे आहे.’

रंभाजीने दोनदा वाचलं.

“हे खोटं असेल.”

“असेल.”

“मागून कुणीतरी घातलं असेल.”

“अक्षर कुणाचं?”

“...पणजोबांचंच.”

“मग आधलं पान खोटं असेल.”

“ते कसं खोटं?” रंभाजी उसळला. “आमची माणसं मेलीत, बाबा!”

“हां. तेवढं खरं.”

“आणि हाकललं ते? पाणी दिलं ते?”

“मी नव्हतो तिथे. तोही नव्हता.”

“मग मी खरं काय धरू?”

बाबांनी दाताने दोरा तोडला.

“माणसं कशाने मेली?”

“तहानेने...”

बाबा उठले. पायात वहाणा न घालताच विहिरीकडे चालू लागले. रंभाजी वही तिथेच टाकून मागे निघाला.

त्याला येताना पाहून भुतेकरांच्या बाया उठून उभ्या राहिल्या. एकीने पोराला पदराआड घेतलं. रंभाजीने कुणाकडे पाहिलं नाही. कुलूप काढलं, राखणीच्या गड्याला बाजूला सारलं आणि रहाटाला स्वतः हात घातला.

पाणी फार खाली गेलं होतं. एक घागर भरायला तीन खेपा लागल्या. ती त्याने दिली. दुसरी भरली, तीही दिली. तळहात सोलून निघाले होते.

“फिटलं, बाबा.”

बाबांनी तिसरी घागर त्याच्या पायाशी सरकवली.

“ओढ.”