झेल्या आणि गावाची हाक

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. मी विचारलं होतं, तर सांगणाऱ्यानं मलाच गप्प बसवलं. तेव्हा लहानांनो, आणि लहानांना घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, तुम्हीही जरा दमानं ऐका.

एका डोंगराच्या पायथ्याशी दोन गावं होती, वरचं आणि खालचं. दोघांच्या मध्ये हिरवंगार कुरण होतं. ते कुणाचं, यावरून पूर्वी डोकी फुटायची. मग कुणीतरी तोडगा काढला, की डोकी फोडण्यापेक्षा खेळ खेळा. तेव्हापासून दर थंडीत दोन्ही गावांत झेलाचे सामने व्हायचे. शेवटचा मोठा सामना जे गाव जिंकेल, त्याची गुरं वर्षभर कुरणात चरायची.

खेळ फार सोपा होता, म्हणजे बघणाऱ्याला. गावाचा फेक्या एका खडकावर उभा राहायचा. त्याच्या हातात लोकर ठासून शिवलेला कातडी चेंडू असायचा. खाली मैदानात झेल्या उभा राहायचा, फेक्याकडे पाठ करून. चेंडू सुटेपर्यंत मागं वळून बघायचं नाही, असा नियम होता. चेंडू सुटला की झेल्यानं पुढं धावत सुटायचं आणि तो जमिनीला टेकायच्या आत झेलायचा.

आता पाठ केलेल्या माणसाला कळणार कसं, की चेंडू सुटला? त्यासाठी गाव हाक द्यायचं. उतारावर बसलेली सगळी माणसं एका आवाजात ओरडायची, "धाव!" खालच्या गावाची हाक तर अशी जबरदस्त, की झाडांवरची पाखरं उडून जायची. हाकेची सुरुवात ठकूआक्का करायची. ही गावातली तेलीण. तिनं हात वर करून तोंड उघडलं की मागोमाग सगळं गाव तोंड उघडायचं. या हाकेचा गावाला कोण अभिमान! कुरण हरलो तरी चालेल, पण हाकेत हरणार नाही, असं म्हणणारेही काही महाभाग होते.

खालच्या गावाचा जुना झेल्या थकला आणि लेकीच्या गावी राहायला गेला. नवा निवडायचा म्हणून पाटलांनी चाचणी ठेवली. गावातले बरेच गडी आले, पण सगळ्यांना मागं टाकलं ते बिरूनं. बिरू डोंगरावरच्या मेंढपाळांचा पोरगा, नुकतं मिसरूड फुटलेला, हरणासारखा पळणारा. चाचणीत एकही चेंडू त्यानं खाली पडू दिला नाही. पाटलांनी त्याच्या कमरेला झेल्याचा लाल पट्टा बांधला, आणि रिवाजाप्रमाणे गावात घर दिलं. पट्टा आहे तोवर घर. बिरू आपल्या आईला घेऊन खाली राहायला आला. लहानपणापासून डोंगराच्या कड्यावर बसून त्यानं हे सामने पाहिले होते. हा पट्टा आपल्या कमरेला असावा, याखेरीज त्यानं आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं.

आणि मग सामने सुरू झाले.

पहिल्या सामन्यात बिरूच्या हातून चेंडू सुटला. गाव म्हणालं, असू दे, नवा आहे. पुढच्या सामन्यात पुन्हा सुटला, एकदा नाही, अनेकदा. चेंडू बोटांना लागायचा, मनगटावर आपटायचा आणि मागं जाऊन पडायचा. तिसऱ्या सामन्यानंतर मात्र गावाचा धीर सुटला, आणि चावडीवर माणसांना दुसरा विषय उरला नाही.

सगळ्यात जास्त तोंडसुख घेतलं केरोबा तांबटानं. भांडी ठोकता ठोकता तो बिरूलाही ठोकायचा. या पोराला हात आहेत की सुपं, असं विचारायचा. चाचणीत काय, कुणीही झेलेल. माणसांसमोर झेललं तर खरं, म्हणायचा. गेल्या वर्षी कुरण गेलं तेव्हा केरोबाच्या दोन गाई पाला खाऊन वाळल्या होत्या, त्यामुळं त्याचा राग अगदीच पोकळ नव्हता. पण त्याच्या भोवती जमून माना डोलावणारे मात्र असे होते, की स्वतःला चेंडू झेलायला सांगितलं असतं तर तो नाकावर घेतला असता.

दुसऱ्या बाजूला ठकूआक्का होती. ती म्हणायची, जुन्या झेल्यानं पहिल्या वर्षी काय दिवे लावले होते ते विसरलात का? त्याच्याही हातून चेंडू सुटायचे, तेव्हाही तुम्ही असेच बोंबलत होता. पोराला थोडा वेळ द्या.

"वेळ द्यायला कुरण काय माझ्या सासऱ्याचं आहे?" केरोबा म्हणाला, आणि सगळी चावडी हसली.

असं रोज चालायचं. धीर धरा म्हणणारे आणि पट्टा काढा म्हणणारे, असे गावात दोन तट पडले. घराघरांत वाद व्हायचे. एका घरात तर नवराबायको यावरून दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत, आणि त्यांच्या पोरांना फार बरं वाटलं.

शेवटी केरोबानं पाटलांकडे मागणीच केली, की मोठ्या सामन्याच्या आधी पट्टा परत घ्या. पाटलांनी बाजाराच्या दिवशी सगळ्यांना चावडीवर बोलावलं आणि बिरूलाही बोलावलं. काय म्हणणं आहे, असं त्याला विचारलं. बिरूला रडू आलं होतं, पण त्यानं ते गिळलं.

तो म्हणाला, "पाटील, पट्टा मागाल तर आत्ता सोडून देतो. पण का सुटतो चेंडू ते मला कळलेलं नाही, आणि ते कळल्याशिवाय मी सराव सोडणार नाही. पट्टा असो नाहीतर नसो."

पाटील विचारात पडले. निर्णय परवा सांगतो, म्हणाले.

ठकूआक्का घरी गेली ती अस्वस्थ होऊन. तिनं बिरूची बाजू घेतली होती खरी, पण मनातून तीही घाबरली होती. वेळ द्या, वेळ द्या, असं किती दिवस म्हणणार? दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती मैदानावर गेली. बिरू आणि गावाचा फेक्या, म्हणजे गावचा लोहार, रोज पहाटे तिथं सराव करायचे. आक्का उतारावर बसली आणि तोंडाला पदर लावून बघू लागली.

बिरू पाठ करून उभा राहिला. लोहारानं चेंडू भिरकावला. बिरू धावला आणि त्यानं तो अलगद झेलला. पुन्हा फेकला, पुन्हा झेलला. लांब फेकला, वाकडा फेकला, वाऱ्यात फेकला. बिरू सगळे झेलत गेला. आक्काला आनंद मावेना. इतका आनंद झाला, की लोहारानं पुढचा चेंडू फेकायला हात उचलला तशी ती सवयीनं उभी राहिली आणि हात वर करून ओरडली, "धाव!"

बिरू सुसाट सुटला. आणि चेंडू त्याच्या मागं पडला.

लोहार म्हणाला, हे असंच होतं, पोरगा माणसांना बुजतो. पण आक्कानं डोळ्यांनी पाहिलं होतं ते वेगळंच होतं. बिरू बुजला नव्हता. तो पुढं निघून गेला होता. चेंडू यायच्या आधीच तो पोचला होता, म्हणून त्याला उलटं वळून हात टाकावे लागले.

तिनं बिरूला जवळ बोलावलं आणि विचारलं, "बाळा, हाक नसते तेव्हा तुला कसं कळतं रे, कधी पळायचं ते?"

बिरू म्हणाला, "लोहारदादा चेंडू सोडताना खडकावर पाय आपटतात. तो ऐकला की मी पळतो. चाचणीतही हाक नव्हती, तेव्हा तसाच पळालो."

"आणि सामन्यात?"

"सामन्यात कसा ऐकू येणार, आक्का? आणि ऐकायचाही नसतो. पट्टा बांधला तेव्हाच पाटलांनी सांगितलं होतं, गावाची हाक आली की पळायचं. मी हाकेच्या पुढं नाही की मागं नाही."

आक्काच्या डोळ्यांपुढं सगळं उभं राहिलं. जुन्या झेल्याचा गुडघा दुखावला होता. त्याला उठून धावायला वेळ लागायचा. तेव्हा तिनंच मायेपोटी हाक जरा लवकर द्यायला सुरुवात केली होती. चेंडू सुटल्यावर नाही, तर फेक्यानं हात उचलला की लगेच. मग तीच सवय पडली. गुडघेदुखीचा माणूस निघून गेला, हाक मात्र त्याच्याच गुडघ्यासाठी चालू राहिली. आणि हा वाऱ्यासारखा पळणारा पोरगा बिचारा इमानदारीनं ती पाळत होता.

दुसऱ्या दिवशी चावडीवर ती उभी राहिली. हा सगळा प्रकार तिनं सांगितला, आणि म्हणाली, "पोराच्या हातांत खोट नाही. खोट आपल्या तोंडात आहे, आणि ती मी घातली आहे. मोठ्या सामन्यात आपण गप्प बसायचं."

गप्प बसायचं म्हटल्यावर चावडीवर जो गलका उठला तो विचारू नका. वाडवडिलांची हाक सोडायची? वरचं गाव हसेल की! कुणी म्हणालं, हाक बंद नको, फक्त उशिरा देऊ. आक्कानं विचारलं, इतक्या वर्षांची सवय चार दिवसांत मोडेल का? एक जण जरी आधी ओरडला तरी पोरगा पळणार. त्यापेक्षा तोंडच मिटा. केरोबा ताडकन उठला. म्हणाला, चला मैदानावर, मला दाखवा.

सगळं गाव मैदानावर गेलं. गावानं हाक दिली, बिरूच्या हातून चेंडू सुटला. गाव गप्प बसलं, बिरूनं झेलला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. केरोबानं स्वतः चेंडू हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाला, ठीक आहे, मी गप्प बसेन. पण गावानं हाक सोडूनही कुरण गेलं, तर तिथल्या तिथं पट्टा परत. पाटलांनी बिरूकडे पाहिलं. बिरूनं मान हलवली.

मग त्या गावानं कधी केला नव्हता असा सराव सुरू केला. गप्प बसण्याचा! रोज संध्याकाळी माणसं उतारावर जमायची, लोहार हात उचलायचा, आणि गावानं तोंड मिटून बसायचं. तुम्हाला वाटेल त्यात काय मोठंसं? करून बघा. पहिल्या दिवशी अर्ध्या गावानं हाक दिली. दुसऱ्या दिवशी पाव गावानं. एक म्हातारा गप्प बसायचा, पण त्याला उचकी लागायची. सगळ्यात वाईट हाल केरोबाचे होते. लोहाराचा हात वर गेला की याचं तोंड आपोआप उघडायचं. पण गडी जिद्दीचा. उद्या जमेल, म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा. उचकीवाल्या म्हाताऱ्याला तोच पाणी आणून द्यायला लागला.

मोठ्या सामन्याचा दिवस उजाडला. वरचं गाव आपल्या झेल्याला हाका देत होतं आणि त्यांचा झेल्याही कसलेला होता. खालचं गाव उतारावर दगडासारखं बसून होतं. वरच्या गावाला वाटलं, यांनी सामना आधीच सोडला. लोहारानं पाय आपटला, बिरू धावला, झेलला. गाव गप्प. पुन्हा झेलला. तरी गाव गप्प. दोन्हीकडचे झेल सारखे होत होत शेवटची फेक आली, ती खालच्या गावाची. हा एक झेलला तर कुरण आपलं. सुटला तर गेल्या वर्षीचा विजेता म्हणून ते वरच्या गावाकडेच राहणार होतं.

लोहारानं हात उचलला. केरोबानं फेट्याचं टोक तोंडात कोंबलं. आक्कानं दोन्ही हात तोंडावर दाबले. खडकावर पाय आपटला, आणि बिरू निघाला.

लोहारानं जोर जरा जास्तच लावला होता. चेंडू उंच गेला, लांब गेला. चेंडूकडे एकदाच बघून बिरू पळत राहिला. मैदान संपत आलं, कुंपणाचे काटे दिसायला लागले, तरी तो थांबला नाही. अगदी शेवटी त्यानं हात पुढं केले, आणि खांद्यावरून आलेला चेंडू त्याच्या ओंजळीत बसला. बिरू काट्यांत पडला, पण चेंडू त्यानं पोटाशी धरून ठेवला.

सगळीकडे चिडीचूप. बिरूला वाटलं, काहीतरी चुकलं. नाहीतर गाव असं गप्प का? तो तसाच खरचटलेला उठला, उताराकडे वळला आणि घाबरत घाबरत म्हणाला, "झेलला ना मी?"

उतारावरचं अख्खं गाव तोंडावर हात दाबून रडत होतं. आता बोलायची परवानगी आहे की नाही, हेच कुणाला कळेना. शेवटी केरोबानं तोंडातला फेटा काढला आणि आधी ठकूआक्काकडे पाहिलं. आक्कानं मान हलवली. तसा केरोबा ओरडला, "झेललास रे, झेललास!" आणि मग त्या गावानं इतक्या दिवसांचं दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर काढलं.

कुरण खालच्या गावाला मिळालं. पट्टा बिरूच्या कमरेला राहिला, आणि त्याची आई त्याच घरात म्हातारी झाली. पुढं त्या गावात जो कुणी नवा झेल्या व्हायचा, त्याला गाव आधी विचारायचं, की बाबा रे, हाक कधी देऊ, का देऊच नको?

तात्पर्य: नव्या माणसाला नुसता वेळ देऊन भागत नाही, त्याच्यासाठी आपली जुनी सवयही मोडावी लागते.