गोमायच्या भिंती

खाडीच्या तोंडाशी अजून गाळ साचला नव्हता आणि मोठी गलबतं थेट धक्क्याला लागत होती, त्या काळातली ही गोष्ट. कासवली बंदरात धक्क्याला लागून दगडी वखारींची रांग होती आणि रांगेच्या टोकाला दुमजली मांडवी, म्हणजे जकातीचं घर. त्या इमारती तेव्हाच इतक्या जुन्या होत्या, की कोणी बांधल्या ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं. वखारींच्या माळ्यांवर कोळी, भंडारी, मुसलमान अशी सगळी बंदरआळी नांदायची. समुद्राकडच्या भिंती पांढऱ्याशुभ्र असायच्या. दर्यावरून येणारा नाखवा त्या पांढऱ्या रंगावर नजर ठेवून खडक चुकवायचा आणि घरी पोचायचा.

पावसात भिंती काळवंडायच्या. मग गोमाय कोळीण भट्टी लावायची, शिंपले भाजून चुना करायची आणि भिंती पुन्हा पांढऱ्या करायची. तिच्या आईनेही हेच केलं होतं. गोमाय उंच, सडसडीत, चुन्याने खाल्लेल्या बोटांची. वादळात ती मांडवीच्या भिंतीला हात लावून उभी राहिली की वारा वळसा घालून जायचा, असं म्हणतात.

एका वर्षी बंदरावर नवा अंमलदार आला. त्याला टेकडीवर बंगला बांधायचा होता आणि वखारींचा घडीव दगड त्याच्या डोळ्यांत भरला. त्याने दवंडी पिटवली, "दसऱ्याला ज्या भिंती काळ्या दिसतील, त्या इमारती पडक्या समजून पाडल्या जातील." आळी निर्धास्त होती. गोमाय होती ना. पण दुसऱ्याच दिवशी शिपायांनी तिची भट्टी फोडली आणि किनाऱ्यावरचे शिंपले उचलायलाही बंदी झाली.

गोमाय कचेरीत गेली.

"रावसाहेब, माझी भट्टी का फोडलीत?"

"धूर होतो," अंमलदार म्हणाला. "आणि म्हातारे, त्या जुनाट भिंती तुला देतात तरी काय?"

"मला काय नाय देत. आमची माणसं घरी आणतात."

"बरं. मग आता चुना कुठून आणशील?"

"मिळेल तिथनं आणीन. तुमच्या घरातनं पण आणीन," गोमाय म्हणाली आणि चालू लागली.

तिने मातीची एक हंडी घेतली आणि दादामिया नाखव्याच्या होडीत जाऊन बसली. "कुठं जायचं, गोमाय?" त्याने विचारलं. "जिथं माणसं पान खातात तिथं," ती म्हणाली. दादामिया हसला आणि त्याने शीड सोडलं. त्याचा बाप त्याच भिंती बघत वादळातून घरी आला होता.

गावोगावच्या दारांत गोमाय हंडी पुढे करायची. "चुनाळू रिकामं करा. बंदर पाडतायत." लोकांनी पानाच्या डब्यांतला चुना बोटाने निपटून दिला. लग्नघरांनी दिला, मशिदीच्या मौलवींनी दिला, देवळाच्या गुरवाने दिला. त्या वर्षी त्या किनाऱ्यावर कोणाचंच तोंड रंगलं नाही, असं म्हणतात. आणि असंही म्हणतात, की हंडी भिंतीवर ओतावी तेवढी पुन्हा भरायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंमलदार जेवून उठला. आईने त्याच्या हाती विडा दिला. त्याने चावून चावून पाहिलं, विड्याला चव नाही, रंग नाही.

"आई, यात चुना नाही."

"नाही," आई म्हणाली. "तो भिंतीला गेला. ती बाई दारात आली होती, मी चांदीचं चुनाळू पालथं केलं. तुझे वडील त्याच भिंती बघत या धक्क्याला उतरले होते, बाळा."

तरी अंमलदार हट्टाने सकाळी वडारांना घेऊन धक्क्यावर आलाच. ऊन भिंतींवर पडलं होतं. ते तेज असं, की त्याचा घोडा पुढे पाऊल टाकेना. ओल्या भिंतीला पाठ लावून गोमाय बसली होती आणि तिच्या शेजारी सगळी आळी, बायकापोरांसकट.

"फोडा," अंमलदार म्हणाला.

वडारांच्या नाईकाने पहार खाली ठेवली. "हुकूम काळ्या भिंतींचा हाय, सरकार. हितं काळी भिंत कुठं हाय?"

अंमलदाराने रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग त्याने घोडा वळवला. टेकडीवरचा बंगला कधीच झाला नाही.

गोमाय पुढे कितीतरी वर्षं भिंती रंगवत राहिली. ती गेली त्याला आता कैक पिढ्या झाल्या. मांडवीच्या भिंतीवर तिची पाठ टेकली होती तेवढ्या जागेवर अजून चुना धरत नाही, असं म्हणतात. दसऱ्याला बंदरआळीत घरटी एक माणूस येतो आणि चुनाळ्यातला बोटभर चुना भिंतीला लावतो. त्या दिवशी आळीत कोणी पानाला चुना लावत नाही.

आणि कासवलीत कोणताही नवा अधिकारी आला, की आळी त्याला मानाने बोलावते, पाट देते आणि बिनचुन्याचा विडा पुढे करते. तोंड रंगत नाही म्हणून त्याने विचारलंच, तर आळीतलं सगळ्यांत म्हातारं माणूस त्याचा हात धरून त्याला धक्क्यावर नेतं.